सुईची दांडी आणि दाराआडची सब्बल

भावाने माझ्या कानाखाली वाजवली तेव्हा मी साठी ओलांडली होती आणि तो साठीला टेकला होता. आमच्या वयाची माणसं शेलूबाजारच्या फाट्यावर बसून गुडघेदुखीच्या गोष्टी करतात. आम्ही दोघं माझ्या घराच्या पुढच्या खोलीत एकमेकांची गचांडी धरून उभे होतो. त्याच्या डाव्या हाताची थापड माझ्या उजव्या कानावर बसली आणि मी भिंतीवर जाऊन आदळलो. तेवढ्याने त्याचं पोट भरलं नाही. टेबलावर माझा रेकॉर्ड प्लेअर होता. त्याने प्लेअरचा आर्म मुठीत धरला आणि मेलेला उंदीर शेपटीला धरून भिरकावतात तसा झटकला. मग "घे, आयक आता," म्हणून निघून गेला.

मी उठलो तो कानाला हात न लावता आधी आर्मकडे धावलो. त्यावरून बायको आजही मला बोलते.

तिचंही खरं आहे. आर्मच्या टोकाला काडेपेटीच्या अर्ध्याएवढी एक डबी असते, तिला कार्ट्रिज म्हणतात. डबीतून केसापेक्षा थोडी जाड अशी दांडी बाहेर आलेली असते आणि दांडीच्या टोकाला हिऱ्याचा कण, तीच सुई. सुई रेकॉर्डच्या खाचेतून फिरते, दांडी थरथरते, आणि डबीच्या आत बारीक तारेच्या दोन कॉइल ती थरथर विजेत बदलतात. एक कॉइल डाव्या बॉक्ससाठी, एक उजव्या. माझी कार्ट्रिज परदेशी, नावाजलेली. निवृत्त झाल्यावर लोक चारधाम करतात, मी ही डबी मागवली. बायकोने तिचं नाव सवत ठेवलं होतं. तिला पाहुणे विचारत, घरात एवढं जपून काय ठेवलंय, तर ती सांगे, "ह्याइची दुसरी हाय, तिले हात नका लावू."

आमच्या बापाचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, जयंती असो, बाप लिंबावर चढून भोंगा बांधायचा आणि खाली बसून रेकॉर्डी लावायचा. मारण्यात हात सैल होता त्याचा. वायर गुंडाळायला चुकलो की त्याच वायरीने पाठ सोलून काढायचा. पाठीवर वळ घेऊनच आम्ही दोघं शाळेत गेलो. बाप गेल्यावर धंदा धाकट्याकडे गेला आणि रेकॉर्डी माझ्याकडे, कारण त्याला त्या भंगार वाटत होत्या. त्याने भोंगे विकून बॉक्स घेतले, बॉक्सांवर बॉक्स चढवले, शेवटी ट्रकवर भिंत उभी केली. मी टेलिफोन खात्यात लागलो. जन्मभर लाईनीला कान लावून मी दोष सांगत आलो. नुसती खरखर ऐकून ओल कुठे शिरली, जोड कुठे सुटला, हे मला कळायचं. हातात पकड धरणारे खात्यात खूप होते, पण साहेब लोक माझ्या कानावर भरवसा ठेवत, आणि त्याचा मला माज होता.

आमची घरं लागून आहेत. मधल्या भिंतीत एक बोळ आहे, त्यातून बायकांची ये-जा. बाप्यांची नाही.

भांडण एका वरातीवरून झालं. गल्लीतल्याच पोराची वरात, डीजे माझ्या भावाचा. मी त्याला आधीच बजावलं होतं की माझ्या दारापुढे भिंत थांबवायची नाही. ती थांबली. फरशी हादरायला लागली, फडताळातल्या कपबशा किणकिणल्या. प्लेअरवर बापाची एक रेकॉर्ड चालू होती, तीही माझीच खोड, वरात येतेय हे दिसत असून मी ती लावली होती. सुईने उडी मारली आणि रेकॉर्डवर आडवी चर्र करत गेली. तो आवाज माझ्या डोक्यात गेला. मी कडबा कापायचा विळा उचलला, बाहेर गेलो आणि मागच्या जनरेटरवरून ट्रकला जाणारी जाड केबल एका घावात तोडली.

एकदम शांत झालं. नवरदेव घोडीवर, पोरांचे हात वर, आणि आवाज नाही. मग दगड आले. खिडकीची काच फुटली, एक दगड माझ्या खांद्याला लागला. मी आत शिरलो आणि माझ्या मागे भाऊ शिरला.

"काहून तोडला बे वायर?" तो म्हणाला. उभ्या जन्मात तो मला, थोरल्या भावाला, पहिल्यांदा बे म्हणाला.

"माह्या दारात वाजवाचं नाई सांगतलं होतं तुले."

"वरात लोकायची हाय. लोकं मले फाडून खातीन."

"खाऊ दे. तुह्यात असं काय चांगलं हाय तं."

मग थापड. पुढचं सांगितलंच आहे.

आता एक गोष्ट मागची सांगतो, कारण तिच्यावर सगळं अडलेलं होतं. वाटणीच्या वेळी धाकट्याने माझ्यावर हात उगारला होता. तेव्हा चार माणसांत मी म्हणालो होतो, "तुह्या हातानं मले कायमची इजा झाली त्या दिवशी मी तुह्यं मुंडकं फोडीन." हे रागात बोलतात तसलं बोलणं नव्हतं. आमच्या घराण्यात बोललेलं करून दाखवतात. बापाने भर बाजारात चुलतभावाला सांगून त्याचा पाय मोडला होता आणि त्यापायी तुरुंगाची हवा खाऊन आला होता. आल्यावर लोक त्याला वचकून असत, आणि आम्हा पोरांना त्याचा अभिमान वाटायचा. असलं रक्त आहे आमचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंग घेऊन बसलो. दांडी डावीकडे वाकली होती. काही महागड्या कार्ट्रिजची दांडी बोरॉनची असते, ती वाकत नाही, काडकन तुटते. माझी ॲल्युमिनियमची, आतून पोकळ, म्हणून वाकून राहिली. हिरा जागेवर होता. असली सुई खरं तर रेकॉर्डवर ठेवू नये, पण मला दम निघेना. आधीच घासून वाया गेलेली एक रेकॉर्ड लावली आणि आर्म टेकवला. आवाज आला. फाटका, खरखरीत, पण आला, आणि सगळा डावीकडून. उजवीकडे काहीच नाही.

कानात शिट्टी वाजत होती आणि आत कुणी ओला बोळा कोंबल्यासारखं झालं होतं. सूज आहे, उतरेल, असं मी स्वतःला सांगितलं. आणि लगेच ठरवूनही टाकलं की उजवी कॉइल गेली.

पुण्यात एकजण असल्या सुया दुरुस्त करतो. त्याला फोटो पाठवले आणि फोन लावला, डाव्या कानाला.

"काका, दांडी स्वतः सरळ करायच्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला. "पोकळ नळी एकदा वाकली की सरळ केली तरी त्या जागी कच्चीच राहते. एक दिवस रेकॉर्डवरच मान टाकेल. मी जुनी काढून नवी दांडी बसवतो, नवा हिरा लावतो. पण कॉइल शाबूत असेल तरच त्यात अर्थ आहे. एक बाजू मेली असेल तर कंपनीकडे पाठवा. ते जुनी ठेवून घेतात आणि बदल्यात दुसरी देतात. तुमची डबी मात्र गेली समजा. आधी वायरी अदलाबदल करून बघा ना, एका मिनिटाचं काम आहे."

"बघतो," म्हणालो.

बघितलं नाही. प्लेअरच्या मागून दोन वायरी निघतात, लाल उजवीची, पांढरी डावीची. एकीच्या जागी दुसरी खोचायची. दोष कार्ट्रिजमध्ये असेल तर मुकेपणा दुसऱ्या बॉक्सात जातो. नसेल तर तो जागचा हलत नाही, म्हणजे दोष पुढे कुठेतरी आहे. पुढे म्हणजे ॲम्प्लिफायर, बॉक्स, आणि सगळ्यांच्या शेवटी ऐकणारा. हा खेळ मी नोकरीत रोज खेळलो होतो. आता मात्र मला वायरीला हात लावायची भीती वाटत होती. मीटरने कॉइल मोजता आली असती, पण एवढ्या बारीक कॉइलला मीटर लावू नये, जळते, असं कुठेतरी वाचलेलं मी हाताशी धरून ठेवलं.

कॉइल गेली असेल तर नुकसान डबीचं होतं. मी चार शिव्या घातल्या असत्या, वर्षभर बोललो नसतो आणि विषय संपला असता. कॉइल शाबूत असेल तर कान गेला होता, आणि मी शब्द दिलेला होता. घरातली सब्बल, म्हणजे खड्डे खणायची लोखंडी पहार, मी परसातून आणून पुढच्या दाराआड उभी केली होती. बायकोने विचारलं तर म्हणालो, कुत्री फार झाली आहेत. तिला कुत्र्यांचं खरं वाटलं नाही. जगात कुणी आपली वस्तू पार मोडावी म्हणून देव पाण्यात घालून बसलं नसेल. मी बसलो होतो.

"पोलिसात रिपोर्ट द्या," बायको म्हणायची.

"माहा मी पाहून घेतो."

"तेच भेव हाय मले. तुमी पाहून घ्यानं म्हंजे काय असते, मले ठाऊक नाई काय?"

आमचं दोघा भावांचं तोवर सुरूच होतं. त्याने ट्रक माझ्या फाटकाला लावून उभा केला, मी चाकांची हवा सोडली. त्याने त्याच्या बाजूला आलेली माझ्या शेवग्याची फांदी मुळापासून छाटली, मी त्याच्या नळाची तोटी पिरगाळून तोडली. दोघांनाही माहीत होतं की हे नुसतं अंगण झाडणं चाललंय, कार्यक्रम पुढेच आहे. मी जेवताना त्याच्या टाळूकडे बघत असल्यासारखा भिंतीकडे बघायचो. कुठे मारायचं ते माझं ठरत होतं. मला त्याची लाज वाटत नव्हती, उलट घास गोड लागत होता.

एका दुपारी बायको अनसिंगला बहिणीकडे गेली होती. मी पुढच्या खोलीत बसलो होतो, बोळाकडचं दार माझ्या उजव्या हाताला, डाव्या कानाशी पंखा घरघरत होता. पुण्यावाल्याचं न ऐकता दांडी स्वतःच सरळ करावी असं ठरवून मी चिमटा हातात घेतला होता. खरं कारण वेगळंच होतं. चिमट्याने दांडी मोडली असती तर तपासायला काही उरलंच नसतं. ना कॉइल, ना वायरी, ना कान.

डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. अगदी जवळ. मी चिमटा टाकला, दाराआडची सब्बल उचलली आणि वळता वळता घातली. सब्बल चौकटीत बसली, लाकडाची ढलपी उडाली. ढलपीपासून वीतभर अंतरावर माझ्या भावाच्या बायकोचं डोकं होतं. तिच्या हातातली पुरणपोळ्यांची ताटली खाली पडली. ती ओरडली नाही. मीच ओरडलो, बहुतेक.

आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, समोरासमोर बोलत नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती माझ्याशी थेट एक शब्द बोललेली नव्हती. काही सांगायचं तर माझ्या बायकोला सांगायची. बोळातून येताना आधी खाकरायची, बांगड्या वाजवायची, मग पदर डोक्यावर घेऊन आत यायची. तिचं खाकरणं ऐकून मी उठून बाहेर जात असे. इतकी वर्षं हे असं चाललं होतं आणि कधी चुकलं नव्हतं.

आता ती माझ्याकडे न बघता, चौकटीतल्या खोकेकडे बघत बोलली.

"लय येळची खाकरून राह्यली मी. बांगड्या वाजवल्या. कडी वाजवली. भासऱ्यायले आयकू नाई आलं."

मी सब्बल खाली टेकवली.

"आमच्या घरी बी असंच झालं," ती भिंतीला सांगत राहिली. "पयले मनत, बॉक्स खराब हाय. नवे बॉक्स आनले. मंग मनत, मशीन खराब हाय. मशीन बदलली. आता रोज आवाज वाढवत जातेत. खराब काय हाय ते मले ठाऊक हाय. पन सांगन कोन त्यायले? मारतेत."

शेवटचा शब्द तिने बाकीच्या शब्दांसारखाच उच्चारला. खाली वाकून पुरणपोळ्या गोळा केल्या, ताटली पदराने पुसली आणि आली तशी बोळातून गेली.

मी बसलो. एक बाईमाणूस माझ्या हातून मेलं असतं. मग उठलो, प्लेअरच्या मागे हात घातला आणि लाल आणि पांढरी वायर अदलाबदल केली. तीच घासलेली रेकॉर्ड लावली. आवाज डावीकडूनच आला. तरीही मन मानेना, म्हणून उजव्या बॉक्सपुढे जाऊन त्याच्या कागदी पडद्यावर तळवा टेकवला. पडदा थरथरत होता. वायरी पुन्हा जागच्या जागी केल्या, पुन्हा तळवा टेकवला. तो तसाच थरथरत होता. डबीच्या दोन्ही बाजू जिवंत होत्या.

मी सब्बल उचलली आणि बोळातून गेलो. बाप्यांपैकी त्या बोळातून जाणारा मी पहिला.

भाऊ त्याच्या बॉक्सांच्या शेडमध्ये जमिनीवर मांडी घालून बसला होता, माझ्याकडे पाठ करून. मी तोडलेली केबल जोडत होता. टक्कल घामाने चमकत होतं. मी म्हणालो, "उठ." तो हलला नाही. मी मोठ्याने त्याचं नाव घेतलं. तो चिकटपट्टी गुंडाळत राहिला. मी त्याच्या मागे येऊन उभा राहिलो, सब्बल डोक्यावर घेतली आणि पूर्ण ताकदीने ओरडलो, आणि त्याने दाताने चिकटपट्टी तोडली.

मला त्याला मारायचं होतं. हे मी सौम्य करून लिहिणार नाही. पण मारणारा कोण आणि कशासाठी, हे त्याला कळायला हवं होतं, नाहीतर एवढे दिवस मी जपलेल्या त्या शब्दाला काय अर्थ? त्याला मागून हाणणं म्हणजे ज्वारीच्या पोत्याला हाणणं होतं. हात वरच राहिले आणि दुखायला लागले. मग मी वळलो आणि भिंतीला टेकवलेल्या सगळ्यात मोठ्या बॉक्सच्या पडद्यात सब्बल घुसवली. बाहेर काढली, पुन्हा घुसवली. लाकूड फुटेपर्यंत.

फरशीतून हादरा गेला असेल, तो उडून उभा राहिला. हातात पाना आला. आम्ही समोरासमोर.

"माहा उजवा कान गेला," मी म्हणालो. "तुह्या हातानं गेला."

तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. तोंडाकडे बघत होता. ओठांकडे.

"काय?"

मी कानावर हात ठेवला आणि मान हलवली. त्याला कळलं. चेहरा राखेसारखा झाला. त्याचा पाना वर होता, माझी सब्बल वर होती, आणि माझ्या उजवीकडे शेडच्या दारात धाकटी उभी राहून खाकरत होती हे मला तिच्या हलणाऱ्या गळ्यावरून दिसलं.

"माहे दोनी जाऊन राह्यले, भाऊ," तो म्हणाला. "लय दिवसाचे."

मग त्याने पाना खाली ठेवला. त्यात शरणागती वगैरे काही नव्हती, त्याला बॉक्स बघायचा होता. तो फाटलेल्या पडद्यापुढे उकिडवा बसला, भोकातून हात आत घातला, बोटांनी चाचपलं, हलकेच आत-बाहेर ढकलून पाहिलं. बाप भोंगा असाच चाचपायचा.

"पडदा गेला," तो म्हणाला. "कॉइल वाचली."

मी सब्बल तिथेच टाकून घरी आलो. माफी त्याने मागितली नाही, मीही नाही. आमच्यात तशी पद्धत नाही.

वाशीमच्या डॉक्टरने कान तपासला. पडदा फाटलाय, तो भरून येईल, पण आतली नस गेली, ती येणार नाही, असं म्हणाला. उशीर केलात, असंही म्हणाला. कशाने लागलं विचारल्यावर मी पडलो म्हणून सांगितलं. बायकोने तोंड फिरवून घेतलं.

मग पुण्याला फोन लावला.

"नवी दांडी बसवा," म्हणालो. "कॉइल चांगली आहे. दोन्ही बाजू चालू आहेत."

"पण उजवी बंद आहे म्हणाला होतात ना काका?"

"ती चालू आहे. मी बंद आहे."

मला रडू आलं आणि मी फोन ठेवून दिला. बायकोसमोर रडलो, लाज वाटली नाही.

कार्ट्रिज दुरुस्त होऊन आली. नवी दांडी सरळ आहे, हिरा लखलखतो. मी रेकॉर्डी ऐकतो, अर्ध्या. भावाने बॉक्सला नवा पडदा बसवला, डीजे चालूच आहे, फक्त माझ्या गल्लीत शिरताना ट्रक मुका करून नेतो. आम्ही अजून बोलत नाही. त्याने बायकोवर हात टाकला तर आता मला एका कानाने ऐकू येईलच असं नाही, म्हणून मी बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसतो, तिथून त्याचं अंगण दिसतं. हे त्याला माहीत आहे. सब्बल त्याने परत पाठवली नाही आणि मी मागितली नाही.

धाकटी अजूनही माझ्याशी बोलत नाही. पण आता ती बोळातल्या दाराने येत नाही. ताटली झाकून सगळ्या घराला वळसा घालते, रस्त्याकडच्या दाराने माझ्या डाव्या बाजूला येते, आणि उंबऱ्यावर थांबून खाकरते.